क्लॅरी हॉस्किंगची एकतीस झाडं

माझ्या नावाने आमच्या मेर्टन ब्रिज गावात एक विनोद चालतो. गुरुवारी रोपवाटिकेत मी चहाची किटली उचलली, की कुणीतरी ओरडतंच, "नोला, आधी मगात बघ गं! बिया नाहीत ना?" सगळे खो खो हसतात. मीही हसते. न हसून सांगते कुणाला? त्यांच्या मते गोष्ट जुनी झाली, माणूस चुकतो, विषय संपला. पण मी काय केलं त्यातलं अर्धंच त्यांना ठाऊक आहे. उरलेलं अर्धं क्लॅरी हॉस्किंगला ठाऊक होतं, आणि त्याला जाऊन या हिवाळ्यात दोन वर्षं झाली.

आता वाचनालयवाल्यांनी माझ्यामागे टुमणं लावलंय. "नोला, तू त्याच्याबरोबर वीस वर्षं काम केलंस. तूच लिही दोन पानं." लिहिते. पण मग सगळंच लिहीन. नंतर कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

क्लॅरी म्हणजे ताडमाड उंच, कमरेत वाकलेला, कानांतून केस आलेला माणूस. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात तोच तपकिरी स्वेटर. रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यामागे आमची रोपवाटिका आहे, गावातल्या सात-आठ रिकामटेकड्यांनी चालवलेली. दर गुरुवारी सकाळी आम्ही जमतो, इथल्याच रानातल्या झाडांच्या बिया पेरतो, रोपं वाढवतो आणि लोकांच्या अंगणांसाठी देतो. गावाच्या कडेला नवी वस्ती झाली तेव्हापासून गिऱ्हाइकांना तोटा नाही. तिथली घरं एकमेकांना खेटून, आणि मागचं अंगण म्हणजे कपड्यांच्या दोन दोऱ्या बांधल्या की संपलं. त्यांना सगळ्यांना हवी असायची निलगिरी.

"निलगिरी?" क्लॅरी अंगणाच्या मधोमध झाडूचा दांडा रोवून उभा राहायचा. "बाई, निलगिरी तुझं घर उचलून पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवेल. पाहुणा बोलवायचा तर आपल्या पलंगाची लांबी बघून बोलवावा. तुला मी असं झाड देतो, की ते तुझ्या छपराशी भांडणार नाही."

आणि द्यायचा. अंगण बघून, ऊन बघून, बाईचा नवरा आळशी आहे का तेसुद्धा बघून द्यायचा. मात्र रोप बियांपासूनच वाढवलेलं हवं. कलमाचं नाव काढलं की नाक मुरडायचा. "कलम म्हणजे एकाच माणसाचे वीस फोटो. बियांची ती पोरं असतात. एक तापट, एक लंगडं, एक गुणी. त्यातलं कोण तगेल ते तुला-मला काय कळतंय?" आणि बी आपल्याच दहा मैलांतलं हवं. प्रत्येक बियाण्याला नंबर असायचा. कोणतं झाड, कुठलं, कोणत्या तारखेला बी काढलं, ते वहीत लिहायचं आणि तोच नंबर प्रत्येक रोपाच्या लेबलावर घालायचा. कुणाचा नंबर चुकला की म्हाताऱ्याचा पारा चढलाच म्हणून समजा. झाडावरून बी काढताना दहातलं एकच बोंड घ्यायचं, नऊ पाखरांना आणि मातीला ठेवायची, हा त्याचा दुसरा कायदा.

हे सगळं तो कशापायी करायचा, ते मला त्याच्याबरोबरच्या पाचव्या-सहाव्या वर्षी कळलं. एकदा आम्ही रिज रस्त्याने चाललो होतो. उघडाबोडका रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. क्लॅरीने मला गाडी थांबवायला लावली.

"हा मी केला," तो म्हणाला.

"काय, रस्ता?"

"रस्ताही. आणि हे उघडं रानही." त्याने कडेच्या वाळक्या गवताकडे बोट दाखवलं. "बावीस वर्षांचा होतो. काउन्सिलमध्ये रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवायची नवी नोकरी. साहेब म्हणाला, रस्ता रुंद करायचाय, कडेची झाडं काढ. मी साखळी बांधली आणि काढली. नऊ दिवस लागले. चंदेरी बँक्सिया होत्या गं सगळ्या, दोन पुरुष उंचीच्या, एका खोडाच्या. पिवळी फुलं लगडलेली. साखळी ओढली की त्यातून पाखरं उडायची. मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी लाकूड वाटून घेतलं आम्ही, आणि काय छान जळतं म्हणून कौतुक केलं."

"तुला सांगितलं होतं म्हणून केलंस ना तू?" मी म्हटलं.

"साखळी माझ्या हातात होती, नोला."

आता चंदेरी बँक्सिया समुद्रकाठी म्हणाल तर ढिगाने आहे. पण ती जमिनीलगत पसरणारी, झुडूप म्हणावं अशी. आमच्या सपाटीवरची उभी वाढायची, झाडासारखी. ती तेवढी संपली. कुऱ्हाडीने गेली, मेंढ्यांनी खाल्ली, आणि रिज रस्त्यावरची क्लॅरीने काढली. उरलं एकच झाड, आयव्हर मॅकफीच्या कुरणात, कुंपणाच्या आत होतं म्हणून वाचलेलं. म्हातारं, अर्धं वाळलेलं. वर्षानुवर्षं त्याला बोंडं यायची आणि आत बी नसायचं. क्लॅरी दर उन्हाळ्यात जाऊन बघून यायचा. एका बाजूला आयव्हर मेंढ्या हाकतोय, दुसऱ्या बाजूला हा मान वर करून उभा. त्याचं एकच म्हणणं होतं. मरण्याआधी त्या झाडाची पोरं रिज रस्त्यावर उभी बघायची. त्याला आयुष्यात दुसरं काही मागताना मी ऐकलं नाही.

क्लॅरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असताना त्या झाडाने बी धरलं. फेब्रुवारीत आयव्हरचा फोन आला आणि आम्ही शिडी घेऊन धावलो.

"शिडी धरतो," आयव्हर म्हणाला, "पण पडलास तर माझ्या अंगावर पडू नकोस. माझ्याही हाडांना वय झालंय."

"तुझ्या हाडांचं सूप करीन. गप धर."

खुबा कामातून गेलेला तो म्हातारा शिडी चढला आणि दहातलं एक या हिशोबाने अकरा बोंडं घेऊन उतरला. घरी ओव्हनच्या उबेत बोंडं उघडली. आतून काळ्या, पातळ, पंखवाल्या बिया पडल्या. चौसष्ट. त्याने त्या जॅमच्या रिकाम्या बाटलीत घातल्या आणि मला दाखवायला घेऊन आला.

एप्रिलमध्ये, आमच्याकडची थंडी लागायच्या आधी, पेरायच्या, तर नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. बुधवारी त्याने मला बाटली दिली.

"उद्या पेर. वॅटलवर कढत पाणी घालायचं, हिच्यावर नाही. हिला तशीच पेरायची, वर बोटभर माती, आणि..."

"क्लॅरी, मी काय आज आलेय?"

"नाही गं. आपलं सांगितलं."

वॅटल म्हणजे इथली बाभूळ, तिचं बी दगडासारखं टणक असतं. त्याच्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवलं की ते फुगतं आणि रुजतं. हे मी शेकडो वेळा केलंय. त्या गुरुवारी बाकीचे सगळे एका शाळेत रोपं लावायला गेले होते. मी एकटी होते. चार प्रकारचं वॅटल चार मगांत काढलं. बँक्सियाच्या बिया पुन्हा एकदा मोजून घ्याव्यात म्हणून पाचव्या मगात ओतल्या, मोजल्या, चौसष्ट होत्या. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. फोन खांद्याने कानाशी दाबला आणि तिला सांगायला लागले, हा म्हातारा मला कसा शिकवतो, जसं काही मी कालची पोर. किटली शिट्टी द्यायला लागली. मी बोलतच होते. पहिला मग, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.

पाचव्यातून वाफ आली तेव्हा मला दिसलं.

मी पाणी ओतून दिलं, गार पाण्यात धुतल्या, फडक्यावर पसरल्या. पंख आकसले होते. तरी पेरल्या. वेडी आशा म्हणा. रोज जायचे, रोज मातीकडे बघत बसायचे. आणि इकडे क्लॅरीच्या जखमेत पू झाला. शहरातल्या इस्पितळात दोन महिने पडून होता. रोज संध्याकाळी फोन. आवाज इतका बारीक झालेला, की मी रेडिओ बंद करून ऐकायची.

"आले का?"

"अजून नाही."

"थंडी आहे ना. येतील."

सहाव्या आठवड्यात त्याला ताप भरला. त्याची मुलगी म्हणाली, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तिने फोन त्याच्या कानाशी धरला. त्याने विचारलं, "आले का?" आणि मी म्हटलं, "आले, क्लॅरी. डोकं वर काढतायत."

पलीकडे तो रडायला लागला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खालीच बसले.

इथपर्यंत कुणीही मला समजून घेईल. मीही घेतलं. पुढचं मात्र मी शुद्धीत, विचार करून केलं. तापातून उठला तर सांगायचं, असं ठरवलं होतं. तो उठला. मी सांगितलं नाही. त्याऐवजी दोन तास गाडी चालवत समुद्रकाठी गेले. तिथल्या एका रोपवाटिकेतून चंदेरी बँक्सियाची बोटभर रोपं आणली. किती आणायची त्याचाही विचार केला. चौसष्टच्या चौसष्ट आली म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. दहाच म्हटलं असतं तर बिचारा खट्टू झाला असता. म्हणून एकतीस. आमच्या उभट छोट्या कुंड्यांत ती लावली, प्रत्येकीला आयव्हरच्या झाडाचा नंबर लिहिला, माझ्या स्वतःच्या हाताने, एकतीस वेळा.

क्लॅरी कुबड्या घेऊन आला तेव्हा त्याने स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला आणि एकेका रोपाशी थांबत गेला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला उगाच सांगत होतो गं. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला."

मला त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणाले, "बस तू. पाय दुखतील."

रिज रस्त्यावर तेव्हा लावायची सोय नव्हती, काउन्सिल परवानगी देत नव्हतं. मग क्लॅरीने ठरवलं, तोवर ही पोरं गावात सांभाळायला द्यायची. एकेका अंगणात एकेक. नव्या वस्तीतली एकतीस घरं त्याने स्वतः निवडली. प्रत्येक घरी तो सांगायचा, हे साधं रोप नाही, हे आयव्हरच्या कुरणातल्या म्हाताऱ्या झाडाचं लेकरू आहे. लोकांनी कुंपणं घातली, पोरांनी नावं ठेवली. एका बाईने तर पहिल्या वाढदिवसाला केक केला आणि आम्हाला बोलावलं. मी तो केक खाल्ला.

रोपं वाढली, पण आडवी. जमिनीलगत पसरायला लागली, दुसरं काय करणार? क्लॅरी बुचकळ्यात पडला. "अंगणात पाणी फार मिळतं, लाडावलीत," म्हणायचा. मग कात्री घेऊन घरोघर फिरायला लागला. खालच्या फांद्या छाटायच्या, मधल्या फांदीला काठी बांधायची, आणि एक खोड सरळ करू बघायचं. ऐंशीचा माणूस गुडघे टेकून झुडपाला झाड करायला बघतोय, आणि त्याची पिशवी धरून मागे मी. "धीर धर," तो त्या रोपाला म्हणायचा, "वर ये. तुझी आई बघ केवढी आहे." दर वेळी वाटायचं, आज सांगते. दर वेळी कुणीतरी चहा घेऊन यायचं, किंवा पाऊस यायचा, किंवा तो हसायचा. निमित्ताला काय तोटा? मी सांगितलं नाही म्हणून कोणाचं काही बिघडत नाहीये, असंही मी मनाला पटवलं होतं. म्हातारा खूष आहे, फुलं येतील, पाखरं येतील.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरातल्या वाऱ्यात, आयव्हरच्या कुरणातलं झाड पडलं.

क्लॅरी दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी मलाच धीर द्यायला आला, कारण मी रडून रडून डोळे सुजवले होते. "रडतेस काय वेडे? तिची एकतीस पोरं आहेत गावात." तो असं म्हणाला आणि मी आणखी रडले. त्याला वाटलं, मी झाडासाठी रडतेय.

पुढच्या मार्चमध्ये तो सकाळी सकाळी माझ्या दारात. हातात काउन्सिलचं पत्र, चेहरा पोराचा झालेला. रिज रस्त्याची कड मिळाली होती, जिथून त्याने झाडं उपटली तीच. आणि अंगणातल्या काही झुडपांना पहिली बोंडं धरली होती.

"पिशव्या काढ," तो म्हणाला. "आज बोंडं काढायची. याच थंडीत पेरू, पुढच्या वर्षी रस्त्यावर. मी असेन-नसेन, पण तू बघशील. अगं, अशी बघतेस काय? ऊठ की!"

आता मात्र गप्प राहणं शक्य नव्हतं. अंगणात खोटं वाढत होतं तोवर ते माझं आणि माझ्या मनाचं होतं. पण त्याच्या रस्त्यावर, त्याच्या हातून समुद्राची झुडपं लावून घ्यायची, आणि वहीत कायमचं लिहून ठेवायचं की ही आयव्हरच्या झाडाची? मी त्याला खुर्चीत बसवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, पाचवा मग, ताप, समुद्रकाठ, लेबलं. एका दमात. थांबले असते तर पुन्हा बोलले नसते.

त्याने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली.

"कढत पाणी," तो म्हणाला. "मीसुद्धा घातलंय. दोनदा. एकदा हीथच्या बियांवर आणि एकदा... कशावर होतं ते?" त्याने खरंच आठवून बघितलं. मग विचारलं, "तू मला कधी म्हणालीस, आले म्हणून?"

"इस्पितळात. तुला ताप होता तेव्हा."

"म्हणजे मे." तो बोटांवर मोजायला लागला. "त्यानंतर तीन उन्हाळे उभं होतं ते झाड."

"हो."

"तीनही उन्हाळ्यांत आयव्हरचा फोन आला होता मला." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "क्लॅरी, पुन्हा बी धरलंय, शिडी काढून ठेवू का? तिन्ही वेळा मी म्हटलं, नको. एकतीस पोरं उभी असताना म्हातारीला कशाला ओरबाडायचं? राहू दे काकाकुवांना. तो म्हणाला, यंदा फार आहे रे. मी म्हटलं, असू दे."

मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. चार वर्षं मी किटलीचा अपराध उरावर घेऊन फिरत होते. रात्री झोपेत मला तो पाचवा मग दिसायचा. आणि किटलीने काहीच झालं नव्हतं! चौसष्ट बिया गेल्या, गेल्या. झाड उभं होतं. ते तीन वर्षं बी देत उभं होतं, शिडी तयार होती, आणि मी ज्या तोंडाने "आले" म्हटलं त्या तोंडाने ती शिडी काढून घेतली होती.

"क्लॅरी..."

"गाडी काढ," तो म्हणाला. "आयव्हरकडे जाऊ."

आयव्हर अंगणात कुत्र्याला पाणी पाजत होता. क्लॅरीने त्याला एवढंच विचारलं, पडलेल्या झाडाचं काय केलंस?

"जाळलं की. ऑक्टोबरात, वणव्याचे दिवस लागायच्या आधी." आयव्हर आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागला. "तुला विचारलं नाही, कारण... तुझ्याकडे भरपूर होती ना? का रे? काय झालं?"

"काही नाही. तुझं बरोबर आहे," क्लॅरी म्हणाला.

कुरणात राखेचं एक गोल होतं, त्यातून गवत वर आलेलं. क्लॅरी त्याच्या कडेला गुडघ्यांवर उतरला, तो नवा खुबा घेऊन, आणि हाताने गवत बाजूला करत बोंडं शोधायला लागला. मीही उतरले. मग आयव्हरही उतरला. बोंडं सापडत होती, नाही असं नाही. जुनी, करडी, लाकडासारखी. प्रत्येक उचलायचं, उलटं करायचं, प्रत्येक फटीत नखाने बघायचं. सगळी उघडी, सगळी रिकामी. बी कधीच उडून गेलेलं, आणि पडल्या जागी जे रुजलं असेल ते मेंढ्यांनी खाल्लेलं. आम्ही तिघं म्हातारी माणसं दुपारपर्यंत त्या उन्हात गुडघ्यांवर फिरत होतो. माझ्या पिशवीत सत्तर-ऐंशी बोंडं जमली. क्लॅरीने ती पुन्हा एकेक करून तपासली. मग आयव्हरच्या खांद्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही."

परतताना रिज रस्त्यावरूनच यावं लागतं. मी न थांबता गाडी हाकत होते. मध्येच म्हणाले, "मला शिव्या दे तरी."

"शिव्या देऊन काय होणार गं? तू मला वाचवायला खोटं बोललीस."

"पहिल्यांदा. नंतर मला वाचवायला."

"हो," तो म्हणाला. "नंतर तुला."

थोडं पुढे गेल्यावर त्याने मला काम सांगितलं. एकतीस घरं. प्रत्येक घरी स्वतः जायचं, खरं सांगायचं, लेबल बदलायचं. "झाडं ठेवायची त्यांनी. झाडांचा काय दोष? पण नंबर काढ." आणि तीन उन्हाळ्यांचं गावात बोलायचं नाही, आयव्हरसमोर तर नाहीच, असंही बजावलं. "तो जाळल्याचं मनाला लावून घेईल. त्याची काही चूक नाही."

म्हणून गावाला किटलीचं ठाऊक झालं आणि समुद्रकाठच्या रोपांचंही. पुढचं नाही. मी घरोघर गेले. शिव्या मिळाव्यात म्हणून गेले म्हटलं तरी चालेल. लोकांनी मला बसवून चहा दिला. केकवाली बाई म्हणाली, "एवढंच ना? अगं, फुलं तर तशीच येतात!" माझा हात हातात घेऊन ती हसली. मी तिचं लेबल बदललं आणि निघाले.

आयव्हरही मागल्या इस्टरला गेला, म्हणून आता हे लिहिता येतंय.

क्लॅरीने रिज रस्त्यावर शेवटी दुसरी झाडं लावली, वॅटल आणि सुरूसारखं शीओक, इथल्याच बियांची. चांगली वाढलीत. त्या दिवसानंतर तो माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. गुरुवारी माझ्याशेजारीच बसायचा. शेवटच्या आजारात मी त्याच्या उशाशी होते. तेव्हा पहिल्यांदा मी ते शब्द उच्चारले. म्हटलं, क्लॅरी, मला माफ केलंस का?

"तुला केव्हाच केलं," तो म्हणाला. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"ती बँक्सियांची रांग मी काढली होती, नोला," तो म्हणाला. "बावीस वर्षांचा असताना काढली, आणि साठ वर्षं मला वाटत होतं की ती परत लावता येईल. तुला माफ केलं. पण मी आता ती रांग काढणारा माणूस म्हणूनच मरणार."

मी त्याचा हात धरून बसले.